४५/२ चा ४५२ झाला तर? ब्रेल सॉफ्टवेअर चिन्हांवर का अडतं?

सातबारा उतारा आता मोबाइलवर मिळतो. पण समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या लोणखेड्यात एखाद्या दृष्टिहीन शेतकऱ्याला तोच उतारा ब्रेलमध्ये वाचायचा आहे. सॉफ्टवेअर मजकुराचं ब्रेल करून देतं. साधी अक्षरं बहुतेक नीट उतरतात. घोळ होतो तो '/', '₹' अशा चिन्हांवर. आणि उताऱ्यात महत्त्वाचं तेच असतं: गट क्रमांक, हिस्सा, क्षेत्र, आकारणी.

अडचण नेमकी काय आहे?

ब्रेलच्या एका घरात सहा टिंबं असतात. डावीकडे १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. त्यांतून फक्त ६३ आकृत्या तयार होतात. अक्षरं, अंक, विरामचिन्हं सगळं त्यातच बसवायचं असतं, म्हणून एकाच आकृतीला अनेक अर्थ असतात.

मराठीसाठी वापरल्या जाणाऱ्या भारती ब्रेलमध्ये १-२-४-५ ही टिंबं म्हणजे 'ग'. त्याआधी अंकचिन्ह आलं की तीच आकृती ७ होते. अंकचिन्ह गळलं, तर ७ चा 'ग' होतो आणि १२ चं 'अब'.

चिन्हांचं काय होतं?

आजच्या इंग्रजी ब्रेलमध्ये तिरकी रेघ दोन घरांत लिहितात: आधी ४-५-६, मग ३-४. मराठीत मात्र ४-५-६ म्हणजे 'ळ' आणि ३-४ म्हणजे 'ऐ'. इंग्रजीचा नियम मराठी मजकुरात तसाच आला, तर बोटाला 'ळै' लागतं. दोन अंकांमध्ये नुसतं ३-४ आलं, तर इंग्रजी नियमाने तो अपूर्णांक होतो. म्हणजे ७/१२ चं 'सात छेद बारा'!

रुपयाचंही तसंच. इंग्रजी ब्रेलमध्ये ₹ साठी टिंब ४ आणि मग १-२-३-५ लिहितात. मराठीत टिंब ४ हे हलन्ताचं चिन्ह आहे आणि १-२-३-५ म्हणजे 'र'. त्यामुळे पपईच्या भावाआधी अर्धा 'र' येऊन बसतो.

सॉफ्टवेअरला हे कळत नाही का?

सॉफ्टवेअर तक्त्यावर चालतं: कोणत्या चिन्हासाठी कोणती टिंबं. 'लिबलुई' हे मुक्त सॉफ्टवेअर याच पद्धतीचं आहे आणि 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर तेच वापरतो. तक्त्यात नसलेलं चिन्ह आलं आणि वेगळी सूचना नसली, तर लिबलुई त्या चिन्हाचा संगणकीय क्रमांक छापतं.

तक्ते जुने पडतात, हेही एक कारण. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं. 'ॲ' ला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधीच्या मजकुरात तो 'अ' आणि चंद्र जोडून लिहिलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण सॉफ्टवेअरसाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत.

सर्वात घातक चूक कोणती?

विचित्र अक्षर आलं की वाचकाला निदान शंका येते. चिन्ह गळून गेलं, तर काहीच कळत नाही. गट ४५/२ चा ४५२ झाला तर वाचायला सगळं सरळ वाटतं, पण जमीनच बदललेली असते. डोळस माणूस मूळ कागद पाहून खात्री करू शकतो. ब्रेल वाचणाऱ्याच्या हातात तेवढाच कागद असतो.

मग उपाय काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संवादाच्या साधनांमध्ये ब्रेलचा समावेश करतो आणि माहिती सुलभ स्वरूपात मिळेल हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. नुसतं ब्रेल छापून ती पूर्ण होत नाही. मराठी तक्त्यात ही चिन्हं नेमून द्यावी लागतील आणि छापण्याआधी ब्रेल जाणणाऱ्या माणसाकडून तपासणी करावी लागेल.

आपणही थोडं करू शकतो. महत्त्वाच्या सूचनेत '₹' ऐवजी 'रुपये' लिहा. माहिती फोटोत टाकली असेल, तर तोच मजकूर खाली टाइप करा. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट टाळून युनिकोड वापरा. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि ब्रेलमध्ये तीच उतरतात.