फाईल कोणाच्या हातात?

माझी भाची दिवाळीनंतर पंधरा दिवस आमच्याकडे राहून गेली. त्या पंधरा दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलावर कोणी जेवले नाही. टेबलभर कागद पसरलेले होते. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, जुना-नवा पासपोर्ट, लग्नाचे फोटो. तिचे लग्न होऊन दीड वर्ष झाले. नवरा अमेरिकेचा नागरिक. लग्नानंतर तीन आठवड्यांनी तो परत गेला, तिकडून त्याने तिच्यासाठी अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि आता मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीसाठी इकडचे कागद जमवायचे होते. माझी पंचवीस वर्षे सल्ला केंद्रात बायकांचे कागद लावण्यात गेली, म्हणून बहिणीने तिला माझ्याकडे पाठवले.

पहिले तीन दिवस नावांतच गेले. जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा होता. मुलगी झाली एवढीच नोंद, तारीख आणि आईवडिलांची नावे. बारसे बाराव्या दिवशी झाले, पण नगरपालिकेत जाऊन नाव घालायचे राहिले ते राहिलेच. शाळेच्या दाखल्यावर तिचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. पासपोर्टवर आणि विवाहाच्या प्रमाणपत्रावर तेच. पण सासरी लग्नाच्या दिवशी तांदळात अंगठीने दुसरेच नाव लिहिले गेले. ते नाव बँकेच्या खात्यावर उतरले, पाठोपाठ आधार कार्डही बदलून झाले. म्हणजे टेबलावर एका मुलीच्या तीन बायका झाल्या होत्या, आणि त्या तिघी एकच आहेत हे परक्या देशाच्या अधिकाऱ्याला पटवायचे होते. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती आपल्या कायद्यात नाही, हे आपण शिबिराशिबिरांतून सांगत आलो. ते तत्त्वाचे म्हणून सांगत होतो. इथे ते नुसत्या सोयीचे म्हणूनही सांगता आले असते. अमेरिकन अर्जात ‘वापरलेली अन्य नावे’ असा एक रकाना असतो. टोपणनावांनी वावरणारे गुन्हेगार आणि लग्न झालेल्या बायका, दोघांची सोय त्या एकाच रकान्यात.

चौथ्या दिवशी मी विचारले, “तिकडच्या सरकारी खात्यात काय काय भरलंय ते तू पाहिलंस का?”

“ते तोच बघतो, मावशी. मी इथून कागदांचे फोटो काढून पाठवते फक्त.”

मुलाखतीच्या आधी एक लांबलचक अर्ज संगणकावर भरावा लागतो. वयाच्या सोळाव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात, काय शिकलात, कुठे नोकरी केलीत, गेल्या पाच वर्षांत समाजमाध्यमांवर कोणती खाती होती, असे सगळे त्यात विचारतात. अर्ज तिच्या नावाचा. माहिती खरी असल्याची जबाबदारी तिची. भरला होता नवऱ्याने, रात्री कामावरून आल्यावर, आठवेल तसा. नाशिकच्या वसतिगृहातली तिची दोन वर्षे त्यात नव्हतीच. त्याला ती माहीतच नव्हती. उद्या कोणी बोट ठेवले तर माहिती लपवल्याचा ठपका तिच्यावर आला असता.

मुलगा चांगला आहे, हे मुद्दाम सांगते. प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही. या सगळ्या व्यवहारात नवरा हा अर्जदार आणि बायको ही लाभार्थी. घरकुलाच्या यादीत किंवा शिधावाटप दुकानाच्या फळ्यावर वाचतो तोच हा शब्द. अर्ज त्याचा असल्यामुळे ती ग्रीनकार्डधारक होईपर्यंत तो अर्ज मागेही घेऊ शकतो, आणि त्यासाठी तिला विचारावे लागत नाही. कायदा नवरा-बायको असा भेद करत नाही हे खरे. नवऱ्यांसाठी अर्ज करणाऱ्या बायकाही आहेत. पण आपल्याकडून परदेशी कोण कोणाच्या घरी नांदायला जाते, हे मी वाचकांना सांगायला नको.

या कायद्याचा थोडा इतिहास आपल्याला माहीत असला पाहिजे. १९८६ साली अमेरिकेने खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी कायदा बदलला. कायम वास्तव्य मिळते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड द्यायचे, आणि ते संपण्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून शर्त काढण्याचा अर्ज करायचा. मिळून म्हणजे दोघांच्या सह्यांनी. संशय लग्नांवर होता, पण दोन वर्षे टांगती तलवार राहिली ती बायकोवर. ‘सही करणार नाही, मग बघ कुठे जातेस’ हे वाक्य त्यानंतर किती घरांत उच्चारले गेले असेल! तिकडच्या स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर १९९० साली मारहाण सोसणाऱ्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय अर्ज करण्याची सवलत मिळाली. घटस्फोट झाला असेल पण लग्न खऱ्या मनाने केलेले होते, अशा बाईलाही एकटीने अर्ज करता येतो. आणि १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने, ज्यांच्यासाठी नवऱ्याने अर्जच केला नाही किंवा केलेला मागे घेतला, त्यांना स्वतःचा अर्ज स्वतः करण्याचा हक्क दिला. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असला पाहिजे. छळ मारहाणीचाच हवा असे नाही, टोकाची मानसिक क्रूरताही धरतात. अशा अर्जाची माहिती सरकार नवऱ्याला देत नाही, तसे कायद्यानेच बांधलेले आहे.

आता हे हक्क बजावायला लागते काय? लग्न खरे होते याचा पुरावा. एकत्र राहिल्याचा पुरावा. नवऱ्याच्या नागरिकत्वाचा किंवा कार्डाचा पुरावा. विवाहाचे प्रमाणपत्र, दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त खाते, फोटो, पत्रे. म्हणजे तिला तिथे नेण्यासाठी जे कागद नवरा जमवतो, तेच कागद त्याच्याशिवाय तिथे राहण्यासाठी तिला लागतात. फाईल एकच आहे, आणि ती त्याच्या कपाटात किंवा त्याच्या संगणकात असते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक तरुणी आली होती. नवऱ्याने तिला भावाच्या लग्नासाठी म्हणून आणले, माहेरी सोडले आणि तिचा पासपोर्ट व कार्ड घेऊन एकटाच विमानात बसला. आमच्याकडे यायला तिला सात महिने लागले, कारण तो घ्यायला येईल असे सगळे घर म्हणत होते. आम्ही विचारले, तुझा परदेशी नागरिक म्हणून नोंदणी क्रमांक काय? कार्डाची मुदत कधीपर्यंत? अर्ज कोणत्या तारखेला मंजूर झाला? तिला एकही आकडा सांगता येईना. एका कागदाची झेरॉक्स तिच्याकडे नव्हती. कार्ड गहाळ झाले आणि देश सोडून वर्ष उलटले नसेल, तर परतीच्या प्रवासापुरते पत्र वकिलातीकडून मिळू शकते. ही माहिती आम्हाला शोधावी लागली, तोपर्यंत आणखी दोन महिने गेले. अखेर ती परत गेलीच नाही. जायचे नाही हे तिने ठरवले असते तर मला वाईट वाटले नसते.

आणखी एका कागदाविषयी लिहायचे आहे. या कागदाचे महत्त्व आपल्या वकील मैत्रिणींपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. नवऱ्याला बायकोच्या पोषणाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याचा क्रमांक आय-८६४. आपले उत्पन्न अमेरिकी सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के आहे हे तो त्यात दाखवतो, आणि त्या पातळीपर्यंत बायकोला सांभाळण्याचे बंधन पत्करतो. १९९६ च्या कायद्याने या कागदाला कराराचे बळ आले. ती ग्रीनकार्डधारक झाली की हा करार लागू होतो, आणि बायको त्याच्या आधारे स्वतः कोर्टात जाऊ शकते. ती नागरिक झाली, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद पूर्ण झाली, किंवा तिने तिकडचे वास्तव्य कायमचे सोडले, किंवा दोघांपैकी कोणी वारले, तरच बंधन संपते. घटस्फोटाने ते संपत नाही. तसे त्या फॉर्मवरच छापलेले आहे! नवरा सही करताना वाचतो की नाही कोण जाणे. बायकोला तर तो कागद बहुधा दाखवलाच जात नाही. पोटगीसाठी वर्षानुवर्षे तारखा घेणाऱ्या आपल्याकडच्या बायकांचे चेहरे मला तो फॉर्म वाचताना आठवत होते. भाचीने त्याच्या सह्या झालेल्या प्रतीची झेरॉक्स सर्वांत आधी काढली.

पुराव्याविषयीही एक तक्रार आहे. फाईलमध्ये लग्नाचे फोटो हवेत, दोन्ही घरची माणसे दिसायला हवीत, शंभर माणसे जेवलेली दिसली तर उत्तम. आपण तीस-चाळीस वर्षे सांगत आलो की लग्न साधे करा, नोंदणी पद्धतीने करा, दोन हार आणि चार साक्षीदार पुरे. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने तसेच केले. आंतरजातीय लग्न, मुलीच्या घरचे आलेच नाहीत. त्यांच्या वकिलाने फोटो पाहून विचारले, “रिसेप्शन कुठे आहे?” शेवटी मित्रमैत्रिणींची प्रतिज्ञापत्रे, दोन वर्षांचे फोन आणि रेल्वेची तिकिटे जोडली. दोन स्त्रिया एकमेकींच्या जोडीदार असतील तर आणखीच अवघड. २०१३ च्या विंडसर निकालानंतर अमेरिका अशा लग्नांना जोडीदाराच्या अर्जासाठी मानते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये तशा विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. म्हणजे लग्न तिसरीकडे जाऊन करायचे, आणि ज्या नात्याविषयी घरी बोलता येत नाही त्याचे घरच्यांसोबतचे फोटो आणायचे!

बहिणीला हे सगळे आवडले नाही. “अजून पोरगी विमानात बसली नाही आणि तू तिला घटस्फोटाचे फॉर्म वाचून दाखवतेस,” असे ती मला फोनवर म्हणाली. तिचे दुःख मला कळते. पण आम्ही दोघी बहिणी लग्नात स्त्रीधनाची यादी करून तिच्यावर सह्या घ्यायचो, तेव्हा त्यालाही लोक अपशकुनच म्हणत होते. चळवळीतल्या एका मैत्रिणीचा आक्षेप वेगळा आहे. ग्रीनकार्ड हा सुखवस्तूंचा प्रश्न, आपण त्यात शक्ती का घालवायची? माझे उत्तर असे की आमच्याकडे येणाऱ्या मुली आता तालुक्याच्या गावांतून येतात. बापाने जमीन विकून लग्न लावलेले असते. तिकडे गेल्यावर ती सुखवस्तू घरात राहत असेल, पण तिच्या हातात ना पैसा, ना भाषा, ना कागद.

तिकडे आपल्या भगिनी संघटना आहेत. न्यू जर्सीतली ‘मानवी’ १९८५ पासून आणि न्यूयॉर्कची ‘सखी’ १९८९ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करत आल्या आहेत. पण त्यांच्यापर्यंत बाई पोचते ती संकट आल्यावर. विमानात बसण्याआधीचे काम आपलेच आहे. निघणाऱ्या मुलीचा स्वतःचा ईमेल हवा, आणि अर्जाच्या खात्याचा क्रमांक तिला माहीत हवा. तिच्या नावाचा प्रत्येक फॉर्म तिने स्वतः वाचून, समजत नसेल तर समजावून घेऊन मगच भरायला हवा. झेरॉक्सचा एक संच माहेरी आणि एक विश्वासू मैत्रिणीकडे ठेवावा, नवऱ्याच्या घरच्या पत्त्यावर नको. कार्ड आले की दोन्ही बाजूंचा फोटो त्याच दिवशी इकडे पाठवावा. आणि सशर्त कार्ड असेल तर ते संपण्याची तारीख आईच्या दिनदर्शिकेवरही लिहिलेली असावी. भाचीच्या लग्नाला दोन वर्षे व्हायला सहा महिने आहेत. तिने अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी दोन वर्षे पूर्ण झालेली असतील तर शर्तच लागत नाही. व्हिसाची मुदत पुरत असेल तर जाण्याची घाई करू नकोस, असे मी तिला सांगितले आहे. नवऱ्याला ते कितपत रुचेल, पाहू.

पाचव्या दिवशी तिने त्याला फोन करून खात्याचा पासवर्ड मागितला. मला वाटले होते, कुरबूर होईल. “अगं, मग आधी नाही का सांगायचं,” म्हणाला, आणि पाच मिनिटांत पासवर्ड आला. दीड वर्षांत तो मागावा असे तिला एकदाही वाटले नव्हते. त्या रात्री एक वाजेपर्यंत बसून तिने आपला अर्ज पहिल्यांदा वाचला. भरून पाठवलेला अर्ज आपणहून उघडून दुरुस्त करता येत नाही, तेव्हा वसतिगृहाच्या पत्त्यासह सगळ्या चुकांची यादी तिने वहीत केली. मुलाखतीला जाताना ती वही घेऊन जाणार आहे आणि अधिकाऱ्याने विचारण्याआधी स्वतःच सांगणार आहे.

आमच्या केंद्राने या कागदांची दोन पानी मराठी यादी तयार केली आहे. ज्या गटांना हवी असेल त्यांनी संपादक मंडळाकडे कळवावे. कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे नियम वेगळे आहेत. तिकडे राहणाऱ्या वाचक मैत्रिणींनी आपापल्या देशाची अशीच यादी करून पाठवली तर ती पुढच्या अंकात घेता येईल.