फादरचा कुत्रा आणि आमच्या घरचा दगड

शेजाऱ्याच्या हक्कांविषयी आम्ही या सदरात यापूर्वी लिहिले आहे. या वेळी शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयी लिहायचे आहे. वाचकांना हसू येईल, येऊ द्या. पण गोष्ट आमच्याच घरची आहे आणि चूकही आमच्याच घरची.

पनवेलच्या वडाळे तलावाकडे संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांत एक वयस्कर कॅथलिक फादर असत. अंगात साधा शर्ट, पायात चपला आणि मागून चालणारा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा, मोती. असरनंतर मक्तबमधून सुटलेली आमच्या गल्लीतली मुले त्याच वाटेने घरी येत. एके दिवशी त्यांतल्या एकाने मोतीला दगड मारला. दगड पायाला लागला, कुत्रा केकाटला. फादरांनी मुलाला विचारले, "त्यानं तुझं काय केलं होतं, बाळा?" मुलगा म्हणाला, "तो नापाक आहे." तो मुलगा म्हणजे आमचा धाकटा.

शेजारच्या खालांनी हे सांगितले तेव्हा आम्हाला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायचे आणि आपल्याच मुलाला काय शिकवले याचा पत्ता नाही! रागावून विचारले तर तो रडत म्हणाला, "उस्तादांनीच सांगितलं, कुत्रा नजिस असतो." उस्तादांनी सांगितले ते खरेच होते. दगड मारायला मात्र त्यांनी सांगितले नव्हते. तेवढे त्याने स्वतः जोडले, आणि आम्ही घरात कुत्र्याला "हाड हाड" करताना तो वर्षानुवर्षे पाहत आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही माफी मागायला गेलो. फादरांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मोती लंगडत आमच्या पायांशी आला. आम्ही नकळत कपडे सावरून घेतले. फादरांच्या ते लक्षात आले. एक शब्द न बोलता ते उठले, मोतीला बाहेर बांधून आले आणि म्हणाले, "तुम्हाला नमाजला जायचं असेल, कपडे खराब नकोत." ज्याच्या कुत्र्याला आमच्या मुलाने दगड मारला, तो माणूस आमच्या पाकीची काळजी करत होता.

त्या दिवशी फादरांच्या जगण्याविषयी प्रथमच नीट कळले. पहाटे उठणे, सकाळची मिस्सा, आजाऱ्यांच्या घरी जाणे, मयतीला हजर राहणे, बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणे. लग्न ठरले की चर्चमध्ये त्याची जाहीर घोषणा करायची, कुणाची हरकत असेल तर त्याने सांगावी म्हणून. लोक आपले गुन्हे त्यांच्या कानात सांगून जातात आणि ते मरेपर्यंत कुणाला सांगायचे नाहीत. लग्न करायचे नाही. बिशपांचा हुकूम आला की काही वर्षांनी दुसऱ्या गावी जायचे. आपल्याकडे इमामसाहेबांना बीवी-बच्चे असतात, इशानंतर घरी दोन शब्द बोलायला माणूस असतो. फादर म्हणाले, "रात्री फाटक बंद झालं की या घरात दोघंच. मी आणि मोती. दोघंही म्हातारे, दोघांनाही झोप कमी."

मग त्यांनी मुलाला जवळ बसवून डॉन बॉस्कोंची गोष्ट सांगितली. नेरुळच्या डॉन बॉस्को शाळेमुळे नाव आम्हाला माहीत होते, माणूस माहीत नव्हता. १८१५ मध्ये जन्मलेले हे इटलीतले फादर. तूरिन शहरात तेव्हा खेड्यापाड्यांतून पोरे कामाला येत, गवंड्यांच्या हाताखाली राबत आणि मिळेल तिथे झोपत. डॉन बॉस्कोंनी अशा मुलांना आसरा दिला, शिकवले, हाताला हुन्नर दिला. त्यांना दुश्मनही होते. रात्री एकटे परतताना त्यांच्यावर हल्ले झाले. १८५० नंतरच्या त्या दिवसांत एक मोठा करडा कुत्रा कुठून तरी येऊन त्यांच्या सोबतीने चालू लागला. त्यांनी त्याला 'ग्रीजो' म्हटले, म्हणजे करडा. एकदा दोघांनी त्यांच्या डोक्यावर कपडा टाकून धरले, तेव्हा ग्रीजोने झडप घातली आणि शेवटी फादरांनाच त्याला आवरावे लागले. एका रात्री तर तो दारात आडवा पडला, बाहेर जाऊच देईना. थोड्या वेळाने शेजारी खबर घेऊन आला की मारेकरी टपून बसले आहेत. कुत्रा कुणाचा होता, ते शेवटपर्यंत कळले नाही. ही हकीकत डॉन बॉस्कोंनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवली. त्यांच्या संस्थेची माणसे १९०६ मध्ये तंजावरला आली आणि पुढे देशभर त्यांच्या शाळा निघाल्या.

आमचा धाकटा कान देऊन ऐकत होता. गोष्ट संपल्यावर म्हणाला, "आमच्याकडेपण आहे. कहफवाल्यांचा कुत्रा." फादर हसले. म्हणाले, "ते गुहेतले तरुण आमच्याकडेही आहेत. आम्ही त्यांना इफिससचे सात झोपलेले म्हणतो."

आपण दर जुम्याला सूरह कहफ पढतो. जालिम लोकांपासून ईमान वाचवायला निघालेले तरुण गुहेत झोपतात आणि उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून त्यांचा कुत्रा बसलेला असतो. लोक त्यांची संख्या सांगतात, कुणी तीन, कुणी पाच, कुणी सात. दर वेळी कुत्रा मोजणीत असतोच. तफसीरवाले त्याचे नाव कितमीर सांगतात. ज्या मुक्या जनावराला अल्लाहने आपल्या कलामात जागा दिली, त्याची जात दिसली की आपण दगड शोधतो!

मसला मसल्याच्या जागी आहे. आम्ही कोकणी, शाफई. आमच्याकडे कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवावे लागते, त्यात एकदा मातीने. हनफींच्या मते त्याची लाळ नापाक. इमाम मालिक यांच्याकडे जिवंत कुत्रा पाक मानतात. गरजेवाचून कुत्रा पाळणाऱ्याचा सवाब रोज घटतो, हेही हदीसमध्ये आहे. शिकार, जनावरे आणि शेती यांच्या राखणीला मात्र परवानगी आहे. हे सारे पाकीचे नियम. तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहने माफ केले, एका बदनाम बाईलाही त्याच कामाबद्दल माफ केले, हे रहमतीचे. दोन्ही एकाच रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितले. आम्ही मुलांना पहिले पाठ करून दिले आणि दुसरे सांगायचे विसरलो.

आणखी एक गोष्ट विसरलो होतो. सूरह माइदामध्ये अल्लाहने ईमानवाल्यांशी दोस्तीत जवळचे म्हणून नसारांचा उल्लेख केला आहे आणि कारणही सांगितले आहे, की त्यांच्यात विद्वान आणि संन्यस्त लोक आहेत आणि ते घमेंड करत नाहीत. ही आयत आम्ही कितीदा पढली असेल. तिचा अर्थ त्या दिवशी चहाच्या कपासोबत समोर बसला होता.

दोन वर्षांनी फादरांना निवृत्त फादरांच्या घरात जायचा हुकूम आला. तिथे कुत्रा नेता येणार नव्हता. त्यांनी आमच्याकडे काही मागितले नाही. विषय आमच्या धाकट्यानेच काढला, "मोतीचं काय होणार?" घरात ठेवणे आम्हाला शक्य नव्हते आणि खोटे आश्वासन द्यायचे नव्हते. शेवटी नेऱ्याकडे शेती असलेल्या मामूंना विचारले. ते आधी कुरकुरले, "म्हातारा कुत्रा काय राखण करणार?" मग म्हणाले, "आणा. भातावर डुकरं येतात, निदान भुंकेल तरी."

फादर स्वतः मोतीला सोडायला आले. गाडीत परत बसताना त्यांनी मागे पाहिले नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून एवढेच म्हणाले, "पाणी बघत जा त्याचं."

मोती आता फारसा भुंकत नाही. मामू तक्रार करतात आणि त्याला भाकरीही घालतात. धाकटा दर रविवारी मामूंकडे जातो, घमेल्यात पाणी भरतो, घरी येऊन हात धुतो. हात धुणे त्याला आधीपासून येत होते. पाणी भरायला तो उशिरा शिकला, त्याचा दोष आमचा.