राखीव खेळाडू म्हणजे स्टेपनी नव्हे!

गेल्या शनिवारी सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडलो आणि दुपारी दीडला घरी आलो. (दूध विसरलो. त्यावरून पुढे जे झालं तो या लेखाचा विषय नाही.) झालं असं की वाटेत एका मैदानावर कॉलेजच्या पोरांचे बास्केटबॉलचे सामने चालू होते. आमच्या वसई-विरारकडे क्रिकेट पावलोपावली दिसतं, फुटबॉल दिसतो, बास्केटबॉल मात्र क्वचित. त्यामुळे पाय थबकले.

एका संघात सहा फूट चार इंचांचा एक मुलगा होता. दृष्ट लागावी असा खेळत होता. संघाची सगळी योजना एका ओळीची: बॉल त्याला द्या. मध्यंतराला ते ११ गुणांनी पुढे होते. समोरच्या संघात तेवढा उंच कोणी नव्हता, पण सहा फुटांच्या आसपासची चार पोरं होती आणि त्यांचे सर दर पाच-सहा मिनिटांनी त्यातली दोन आत, दोन बाहेर करत होते. एक आडवा-तिडवा, नुसता पाठीने रेटणारा. एक काटकुळा, पण लांबून नेम धरणारा. एक सतत पळणारा. आणि चौथा, खरं सांगायचं तर, फक्त मध्ये उभा राहणारा.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपल्या उंच हिरोचा चौथा फाउल झाला. पाचव्याला बाहेर जावं लागतं, त्यामुळे त्यानंतर तो बिचारा हात पाठीमागे बांधल्यासारखा खेळत होता. समोरचे त्याच्या अंगावर जाऊन बास्केट करत होते आणि हा नुसता बघत होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये तर गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला. नऊ गुणांनी हरले.

आणि या सगळ्या वेळात त्यांच्या बाकावर चार पोरं बसलेली. त्यातला एक सहज सहा फूट एक इंच असेल. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली. ती शेवटपर्यंत उघडली नाही.

प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "सर, दमलाय तो, बदला ना!" सरांनी मागे न बघता उत्तर दिलं, "त्याला काढला तर उरतं काय? बाकीचे स्टेपनी आहेत."

या एका वाक्यावर माझं डोकं सरकलं. ते आठवडाभर जागेवर आलेलं नाही, म्हणून हा लेख.

आता तुम्ही म्हणाल, सरांचं काय चुकलं? सगळ्यात चांगला मुलगा सगळ्यात जास्त वेळ खेळणार, सरळ हिशोब आहे. नाही, हिशोब सरळ नाहीये. जरा मांडून बघू.

बास्केटबॉलमध्ये पुढची फळी, म्हणजे दोन फॉरवर्ड आणि सेंटर, यांचं काम बास्केटच्या आसपासचं. रिबाउंड घ्यायचा, समोरच्याला आत घुसू द्यायचं नाही, आपण आत जागा करायची. धक्काबुक्कीचं काम आहे. साहजिकच फाउल सगळ्यात जास्त इथेच होतात आणि दमही सगळ्यात आधी इथेच संपतो.

समजा तुमच्याकडे असा एकच माणूस आहे. म्हणजे तुमच्या खात्यात पाच फाउल. पाचवा तर खर्चताच येत नाही, म्हणून चारच धरा. चार माणसं असतील तर? पाच चोक वीस. आता तुमचा प्रत्येक जण बिनधास्त उडी मारेल, हात वर करेल, अंगावर जाईल. थोडक्यात काय, तोच मुलगा, तीच उंची, पण मागे माणसं आहेत म्हटल्यावर तो वेगळाच खेळाडू होतो. बाकावरची माणसं न खेळताही खेळत असतात ती अशी.

पण हा झाला लहान फायदा. मोठा फायदा समोरच्या संघाच्या डोक्यात होतो. त्या चार पोरांकडे पुन्हा बघा. रेटणाऱ्याला अडवायला जाडजूड माणूस लागतो. त्याला तुम्ही आणता, तोवर रेटणारा बाकावर आणि लांबून नेम धरणारा आत. आता तुमचा जाडजूड माणूस बास्केट सोडून बाहेर आला तर आतली जागा मोकळी, नाही आला तर समोरचा निवांत नेम धरणार. बरं, म्हणून तुम्ही चपळ, बुटका खेळाडू आणला, तर तो पाठीने रेटणारा परत हजर! म्हणजे दर पाच मिनिटांनी प्रश्नपत्रिका बदलते आणि तुम्ही अभ्यास एकाच धड्याचा करून आलेले असता. समोरचा तुमच्यापेक्षा चांगला आहे म्हणून तुम्ही हरत नाही. तुम्ही काहीही निवडलं तरी ते चुकीचं ठरतं, म्हणून हरता.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो (सवय!). सर्व्हर दोन प्रकारे ठेवता येतात. एक चालू आणि दुसरा पहिला पडेपर्यंत नुसता उभा. किंवा दोन्ही चालू, काम वाटून घेणारे. पहिला प्रकार म्हणजे स्टेपनी. आणि ज्याने कधी रात्री तीन वाजता तो 'उभा' सर्व्हर चालू करायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा, तो चालू होतो का! वर्षभर न वापरलेली स्टेपनी पंक्चरच निघते. मग मालक म्हणतो, बघा, म्हणूनच वापरत नव्हतो.

२०१५ साली मी प्रोजेक्टच्या निमित्ताने काही महिने अमेरिकेत होतो. तिथे ऑफिसमध्ये एकच विषय चालू असायचा, केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ. त्यांच्या पुढच्या फळीत कार्ल-अँथनी टाउन्स, विली कॉली-स्टाइन, डकारी जॉन्सन, ट्रे लायल्स, मार्कस ली अशी जवळपास सात-सात फुटांची पोरं. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी मोसमाच्या सुरुवातीला पाच-पाच जणांच्या दोन तुकड्याच पाडल्या होत्या. एक तुकडी दमवून जायची, दुसरी ताजी यायची. नोव्हेंबर २०१४मध्ये कॅन्ससच्या नावाजलेल्या संघाला त्यांनी ७२-४० असं चिरडलं. डिसेंबरमध्ये अ‍ॅलेक्स पॉयथ्रेस हा खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि तुकड्यांची ती पद्धत तशीच राहिली नाही, पण खोली इतकी होती की संघ सलग ३८ सामने जिंकला. आणि यातला टाउन्स सामन्यात सरासरी २१च मिनिटं खेळायचा. ४० मिनिटांपैकी २१! पुढे त्याच वर्षी एनबीएच्या निवडीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. कमी मिनिटं खेळून त्याचं काही वाईट झालं नाही.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. ३९वा सामना ते हरले. ४ एप्रिल २०१५, विस्कॉन्सिनकडून ७१-६४. विस्कॉन्सिनकडे फ्रँक कामिन्स्की नावाचा सात फुटी सेंटर होता, लांबूनही नेम धरणारा. त्याला राखायचं तर केंटकीच्या उंच पोरांना बास्केट सोडून बाहेर यावं लागायचं. त्याने २० गुण आणि ११ रिबाउंड घेतले. म्हणजे नुसती उंच माणसं गोळा करून भागत नाही, ती वेगवेगळ्या प्रकारची हवीत. माझ्या मुद्द्याला यामुळे धक्का बसत नाही, उलट पाचर बसते.

त्याच २०१५च्या निवडीत ५२व्या क्रमांकावर डॅलसने आपल्या पंजाबच्या सतनाम सिंगला घेतलं. भारतात जन्मलेला पहिलाच. सात फूट दोन इंच. आपल्याकडे केवढा जल्लोष! पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. यात त्या मुलाचा दोष नाही. आपल्याला एक राक्षसी उंचीचा मुलगा सापडला की आपलं काम झालं असं वाटतं, त्या वाटण्याबद्दल मी बोलतोय.

"अहो, अमेरिकेचं सोडा, आपल्याकडे एवढी माणसं आणायची कुठून?" ठीक आहे, अमेरिका सोडू. कबड्डी घेऊ. कबड्डीत तर हे आणखी उघडं दिसतं, कारण तुमचा हुकमी चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर बसतो आणि तुम्ही गुण मिळवल्याशिवाय परत येत नाही. एकखांबी तंबूचा खांबच काढून घेण्याची सोय खेळाच्या नियमातच आहे.

२०१९ची प्रो कबड्डीची अंतिम फेरी आठवा. दबंग दिल्लीच्या नवीन कुमारने एकट्याने १८ गुण घेतले. समोर बंगाल वॉरियर्सचा कर्णधार मणिंदर सिंग दुखापतीमुळे मैदानातच नव्हता. सरांच्या हिशोबाने बंगालने गाशा गुंडाळायला हवा होता. बंगाल जिंकलं, ३९-३४. बंगालचे प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. हे नाव लक्षात ठेवा.

कारण १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ने हरवून आपली पुणेरी पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली, तेव्हा प्रशिक्षक हेच रमेश होते. त्या पलटणीत चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. बचावात गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत आणि इराणचा शादलुई, जो वेळप्रसंगी चढाईलाही जायचा. मोसमात सर्वाधिक चढाई गुण घेणारा खेळाडू पलटणीचा नव्हता, आणि तरी साखळीत पहिला क्रमांक पलटणीचा. कोणाला धरायचं हेच समोरच्याला ठरवता येत नव्हतं. एकाला पकडलं तर दुसरा येतो, आणि दुसऱ्याची चाल पहिल्यासारखी नसते.

आणि खो-खो? तिथे तर बचाव करणारे तीन-तीनच्या तुकडीनेच उतरतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी. एका हिरोवर खो-खो जिंकताच येत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना जे कळत होतं ते आपण बास्केटबॉलचे बूट घातल्यावर विसरलो की काय?

राहिला आक्षेप, "आमची राखीव पोरं तेवढी चांगली नाहीत." कशी असतील? सरावातही ती बॉल गोळा करतात आणि पाण्याच्या बाटल्या भरतात. तीन वर्षं बाकावर बसवायचं आणि चौथ्या वर्षी म्हणायचं की यांना खेळता येत नाही! त्या सहा फूट एक इंचाच्या मुलाने २० मिनिटं नको, सहाच मिनिटं खेळायला हवी होती. त्याने दोन बास्केट सोडली असती, एखादा फाउल केला असता. पण सहा मिनिटं तो हिरो बसला असता, श्वास घेतला असता, आणि चौथा फाउल कदाचित झालाच नसता.

आता मी एवढा चिडलोय का ते सांगतो. २००३ साली आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या संघात जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून बसणारा मुलगा मी होतो. सहा फूट. आमचा हिरो माझा जिगरी दोस्त, विरार लोकलला रोज बरोबर लटकायचो. त्या वर्षी दोन दिवसांत चार सामने झाले आणि तो चारही सामने सलग खेळला. चौथ्या सामन्यात तो लंगडायला लागला. सरांनी एकदा वळून बाकाकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर येणार हे मला कळलं.

मी खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागलो. लेस सुटलेली नव्हती.

वर्षभर कोणी खेळवलं नव्हतं, भीती वाटली, हसं होईल असं वाटलं. सरांनीही परत विचारलं नाही. दोन मिनिटांनी तो रिबाउंडला उडी मारून खाली आला तो आडवाच झाला. गुडघ्याचं ऑपरेशन, वर्षभर विश्रांती, आणि खेळ कायमचा बंद. आजही विरार स्टेशनचा सरकता जिना बंद असला की तो कठड्याला धरून एकेक पायरी चढतो आणि मी त्याची बॅग घेतो. लेसबद्दल मी त्याला कधी सांगितलेलं नाही. हे वाचलं तर आज कळेल.

तेव्हा सरांना माझं म्हणणं एवढंच आहे. बारा जणांची नावं कागदावर लिहिता ना? मग दुसरा क्वार्टर संपेपर्यंत निदान नऊ जण मैदानात उतरलेले असू द्या. हिरोचा दुसरा फाउल झाला की त्याला बसवा, चौथ्याची वाट बघू नका. सरावात राखीवांचा संघ मुख्य संघाविरुद्ध खेळवा, वेळ लावून. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

आणि बाकावरच्या पोरांनो, सरांनी वळून पाहिलं तर वर बघा.

पुढच्या शनिवारी त्याच मैदानावर तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना आहे. मी जाणार आहे, बाकाच्या बरोबर मागे बसणार आहे. येताना दूध आणेन.