नेरूळचा नकाशा आणि रंगपट्टीचे राजकारण

१/ नवी मुंबईचा उंचीदर्शक नकाशा संगणकावर काढला, की आलेखनाचे सॉफ्टवेअर स्वतःजवळची तयार रंगपट्टी त्यावर पसरवते. पारसिकचे डोंगर ठसठशीत उठून दिसतात. खाडीकाठचे नेरूळ मात्र जवळजवळ एकाच रंगात बुडते. जिथे एकेक मीटर मोलाचा, तिथेच नकाशा मुका होतो. #थ्रेड

२/ उंचीला रंग देण्याची पद्धत जुनी आहे. १९व्या शतकात ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फॉन हाउस्लाब यांनी ‘जितके उंच, तितके गडद’ हे तत्त्व मांडले. पुढे एडिंबरोच्या बार्थोलोम्यू घराण्याने सखल भाग हिरवा आणि डोंगर तपकिरी दाखवण्याची रीत लोकप्रिय केली. शालेय नकाशासंग्रहांतून तीच आपल्या डोळ्यांत मुरली.

३/ परंतु हिरवा रंग पाहताच मनात रान उभे राहते. नेरूळच्या सखल भागात तिवरे आहेत, तशीच पाणथळ तळी, रस्ते आणि इमारतीही आहेत.

४/ संगणकयुगात मॅटलॅबची ‘जेट’ ही इंद्रधनुषी पट्टी सर्वत्र पसरली. तिच्यातील झगझगीत पिवळा पट्टा नसलेली सीमारेषा भासवतो. म्हणून मॅटप्लॉटलिबने २०१७च्या २.० आवृत्तीत जेट बाजूला सारून ‘विरिडिस’ ही मूळ पट्टी केली. तिची उजळता क्रमाने, सारख्या गतीने वाढते.

५/ तरीही नेरूळचा प्रश्न उरतोच. विरिडिसच्या २५६ छटा ० ते २०० मीटरवर सारख्या वाटल्या, तर पहिल्या ५ मीटरच्या वाट्याला जेमतेम ६ छटा येतात.

६/ उपाय आहे स्वतःची रंगपट्टी. नूप्लॉट आणि मॅटप्लॉटलिब या दोन्हींत कोणत्या उंचीला कोणता रंग, हे वापरणाऱ्याला ठरवता येते. अर्ध्या छटा पहिल्या ५ मीटरना द्याव्यात आणि मोठ्या भरतीच्या पातळीवर रंग स्पष्टपणे बदलावा. मात्र भरतीच्या कोष्टकांतील शून्य आणि जमिनीच्या उंचीचे शून्य एक नसते. आधी दोन्हींचा मेळ घातलाच पाहिजे.

७/ हे महत्त्वाचे का? सिडकोची स्थापना १९७० सालची. खाडीकाठी वसवलेल्या या नगरात पावसाचे पाणी साठवण्यासाठी धारण तलाव आहेत. भरतीला त्यांच्या झडपा खाडीचे पाणी अडवतात, ओहोटीला साठलेले पाणी बाहेर सोडतात. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की या तलावांची खरी कसोटी लागते. त्यांचे मोल डोळ्यांना दिसावे, इतका तरी नकाशा बोलका हवा.

८/ आक्षेप रास्त आहे : रंग निवडण्याची मुभा ही फसवण्याचीही मुभा ठरते. रंगबदलाची रेषा एक मीटर खाली सरकवली, की धोक्यातील भूखंड सुरक्षित दिसू लागतो. पण तयार पट्टीही तटस्थ नसते. तिची निवड कोणीतरी दुसऱ्याने केलेली असते, इतकेच.

९/ म्हणून नियम साधा असावा. सार्वजनिक नकाशासोबत रंगबदलाच्या उंच्या, त्यांमागचे कारण आणि मोजमापातील संभाव्य चूक छापलीच पाहिजे. उपग्रहावरून घेतलेली उंची कधी छपराची असते, जमिनीची नव्हे. सुबक रंगाने ती उणीव भरून निघत नाही. रंग निवडणाऱ्याने हिशेब द्यावा आणि घर घेणाऱ्याने तो मागावा.