आम्ही थोडंच मारलं?



सध्या आपल्या लोकांत एक वाक्य फार चलनात आलंय. "आजोबांच्या वेळचं आहे हो, आम्ही थोडंच मारलं?" लग्नाच्या फोटोत कुणाच्या खांद्यावर शाहतूश असते, बारशाच्या फोटोत बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवलेली वाघनखं असतात, जानेवारीच्या थंडीत एखादी वहिनी अमेरिकेतल्या नणंदेने दिलेला मिंकचा जुना कोट घालून मेळ्यात फिरते. खाली पन्नास जण लिहितात, "वाह, वारसा जपलात!" कुणी दबक्या आवाजात विचारलंच, की अहो हे घालावं का, तर वरचं वाक्य तयार असतं. विषय संपला.

माझ्या मते विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. मी कॉमर्सचा माणूस, छत्तीस वर्षं बँकेत काढली. वन्यजीवांचा तज्ज्ञ नाही. पण "हे जुनंच आहे" असं सांगून काय काय खपवलं जातं हे काउंटरच्या आतल्या बाजूने पुष्कळ पाहिलंय. त्या अनुभवावर बोलतो. राग आला तर आला.

आधी हे सगळं आपल्याच घरांत इतकं का आहे ते पाहू. पुण्याच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडात वाघाचं कातडं सापडणार नाही. आपल्याकडे सापडतं, कारण आपले पूर्वज संस्थानांच्या चाकरीत होते. कुणी सरदार, कुणी कारभारी, कुणी नुसतेच शिलेदार. महाराजांची शिकार झाली की नखं, दात, कातडी मानकऱ्यांत वाटली जायची. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन कंपनीकडे पेंढा भरायला मुंडकी जायची. त्या काळी ती प्रतिष्ठा होती, आणि त्या काळच्या माणसांना आजच्या फूटपट्टीने मोजायचं माझ्या मनात नाही. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेच्या वर वाघ सांगतात. ग्वाल्हेरच्या माधव महाराजांनी तर वाघ कमी पडले म्हणून की काय, आफ्रिकेहून सिंह आणवले होते! आजोबांना दोष नाही. मी बोलतोय ते नातवंडांबद्दल.

शिवपुरीचं जंगल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. शिंद्यांचं शिकारीचं रान, पुढे माधव राष्ट्रीय उद्यान झालं. आपल्या कितीतरी घरांतली नखं तिथलीच. त्या रानातले वाघ संपले. पार संपले. 2023 मध्ये बाहेरच्या जंगलांतून वाघ आणून तिथे सोडावे लागले आणि 2025 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. म्हणजे सरकार एका बाजूने वाघ गाडीत घालून आणतंय आणि दुसऱ्या बाजूने आपण त्याच रानातल्या वाघाची नखं नातवाच्या गळ्यात घालून फोटो काढतोय. देशात वाघाच्या शिकारीवर 1970 मध्ये बंदी आली. 1972 च्या गणनेत जेमतेम अठराशे वाघ उरलेले निघाले. 2022 च्या अंदाजात तो आकडा 3,682 झाला. पन्नास वर्षांच्या मेहनतीने जेमतेम दुप्पट.

आता हिशेब करू. वाघाच्या पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्या पंजांना चार-चार, अशी एकूण अठरा नखं. एका पदकात दोन धरली तर एका वाघाची नऊ पदकं. पण प्रत्येक सराफी पेठेत "अस्सल, खानदानी, जुनं" म्हणून दबक्या आवाजात जेवढी नखं दाखवली जातात, तेवढे वाघ आले कुठून? उत्तर दोनच. एक, पुष्कळशी नखं खोटी, गुराच्या शिंगातून कोरलेली. दोन, जी खरी आहेत ती सगळी काही आजोबांच्या वेळची नाहीत. आणि ही दोन्ही दुकानं चालतात ती आपल्या फोटोंवर. जुनं घालणारा सभ्य, सुशिक्षित, घरंदाज माणूस दिसतो, म्हणून नव्याला गिऱ्हाईक मिळतं. खोटी नोट खऱ्या नोटांच्या बंडलातच खपते, सुटी कुणी घेत नाही.

गंमत म्हणून एक सांगतो. सोनेतारण कर्जाला अशी पदकं यायची. आमचा मूल्यमापक सोन्याचं वजन घ्यायचा आणि खडे, लाख, नख यांचं वजन वजा करायचा. बँकेच्या लेखी नखाची किंमत शून्य. ज्या वस्तूची किंमत शून्य, तिच्यासाठी एक अख्खं जनावर गेलं! पुढेपुढे तर अशी पदकं आम्ही घेणंच बंद केलं.

शाहतूशची गोष्ट याहून वाईट, कारण तिच्याभोवती एक गोड थाप विणलेली आहे. "ते केस हो आपोआप गळतात, झुडपांना अडकतात, बायका वेचून आणतात." आमच्या लहानपणीही हेच ऐकवलं जायचं. तिबेटच्या पठारावरचा चिरू हा हरणासारखा प्राणी, त्याच्या अंगावरची आतली लव म्हणजे शाहतूश. तिथे झुडपंच फारशी नाहीत, केस अडकणार कशाला? जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथे जाऊन पाहिलं आणि ती थाप उघडी पाडली. चिरू मारून, सोलून, मग लव काढतात. एका शालीला तीन ते पाच चिरू लागतात. अंगठीतून पार होणारी शाल म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो ना, ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांच्या आसपास असलेले चिरू नव्वदच्या दशकात पाऊण लाखाच्या घरात आले होते. चिरूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1979 पासून पूर्ण बंदी आहे. तरी तस्करी चालूच राहिली, आणि वन्यजीव रक्षकांनी नोंदवून ठेवलंय की तिबेटच्या सीमेवर शाहतूशच्या बदल्यात भारतातल्या वाघांची हाडं दिली जात. शालीचा आणि वाघाचा हिशेब एकाच वहीत आहे, मंडळी.

मग बंदीनंतर या शाली विकल्या कशा गेल्या? "आजीची आहे" असं म्हणून! दिल्लीच्या, मुंबईच्या श्रीमंत घरांत जाऊन विकणारा माणूस कधी "नवी आहे" म्हणाला नाही. हस्तिदंताचंही तेच झालं. 1989 मध्ये जगाने हस्तिदंताचा व्यापार थांबवायचं ठरवलं, पण बऱ्याच देशांनी जुन्या वस्तूंना सूट ठेवली, आणि त्या सुटीच्या भोकातून नवा माल वाहत राहिला. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला दात "पुरातन" म्हणून विकता येतो. शेवटी इंग्लंडला 2018 मध्ये वेगळा कायदा करून बहुतेक जुन्या हस्तिदंताचीही विक्री बंद करावी लागली.

यावर कुणी म्हणेल, इंग्लंडच्या राणीने काय केलं? बरोबर आहे. एलिझाबेथ राणींनी 2019 मध्ये नवीन पोशाखांना खोटी फर वापरायला सुरुवात केली, पण जुने फरचे पोशाख टाकले नाहीत. कॅमिला राणींच्या वतीने 2024 मध्ये कळवलं गेलं, की त्या नवीन फर विकत घेणार नाहीत. जुन्याबद्दल मौन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. राणीच्या अंगावरची फर नवी की जुनी हे टीव्हीवर बघणाऱ्याला कसं कळणार? त्याला फर दिसते, आणि राणी दिसते.

एक युक्तिवाद मात्र मला खरोखर विचार करायला लावतो, तो झटकून टाकणार नाही. आपण काटकसरी लोक. आईच्या लुगड्याची गोधडी करणारे. प्राणी तर गेलाच, आता कोट ट्रंकेत कुजवण्यापेक्षा वापरला तर निदान त्याचं चीज झालं, आणि प्लास्टिकच्या धाग्याचं नवं जाकीट घेणं टळलं. अमेरिकेतल्या आपल्या मुलामुलींना जुन्या कपड्यांच्या दुकानात मिंकचे कोट स्वस्तात मिळतात, ती हेच म्हणतात. यात तथ्य आहे. मिंक काही वाघ नाही, तो पिंजऱ्यात पाळतात. पण कसा पाळतात ते 2020 मध्ये डेन्मार्कने दाखवलं. करोनाच्या भीतीने तिथले सगळे मिंक मारायचे ठरले, दीड कोटींच्या वर. एका छोट्या देशात, कोटांसाठी. आपल्या सरकारने 2017 मध्येच मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली आहे. आणि चीजच करायचं असेल तर अमेरिकेत जखमी, पोरक्या जंगली पिल्लांना सांभाळणारी केंद्रं जुने फरकोट मागून घेतात, पिल्लांना ऊब म्हणून. तिथे द्या की! ग्वाल्हेरच्या थंडीला चांगला लोकरी कोट पुरतो. मी पंचाहत्तरीत आहे, मला पुरतो.

आता कायद्याकडे येतो, कारण इथे आपली मंडळी सगळ्यात जास्त गाफील आहेत. "घरातलंच आहे, कोण विचारतो?" 2023 च्या ऑक्टोबरात कन्नड बिग बॉसमधल्या एका स्पर्धकाला थेट त्या घरातून नेलं, गळ्यात वाघनख होतं म्हणून. त्यानंतर कर्नाटकात अशा वस्तू जमा करायला सरकारने मुदत दिली. बेळगावच्या मंडळींना हे आठवत असेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ, बिबट्या, चिरू, काळवीट हे अनुसूची एकमध्ये आहेत. गुन्हा शाबित झाला तर तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा नाही, सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

आणि आता नीट वाचा. मालकी प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला अशी वस्तू स्वीकारताच येत नाही, अपवाद फक्त वारसाहक्काचा. वारसाने आली तरी नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव अभिरक्षकांकडे लेखी कळवावं लागतं. किती जणांनी कळवलंय? शिवाय वारसा म्हणजे माणूस गेल्यावर येतो तो. सासूबाई हयात असताना त्यांनी हौसेने सुनेच्या गळ्यात घातलेलं पदक हा वारसा नव्हे, ती भेट. बँकेत आम्ही घसा कोरडा करून सांगायचो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त सांभाळणारा. लोकांना ते शेवटपर्यंत पटायचं नाही. इथेही तेच. प्रमाणपत्र असलं तरी वस्तू विकता येत नाही. जी विकता येत नाही, सहज देता येत नाही, तारण ठेवता येत नाही, ती मालमत्ता कसली? ती राखण आहे.

आमच्याही घरी नखं होती, चार. वडीलबंधूंनी 2003 मध्ये, सरकारने जुनी नोंद करायला खास मुदत दिली होती तेव्हा, अर्ज भरून नोंद केली. ते गेल्यावर मी नव्वद दिवसांच्या आत कळवलं, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा वस्तू स्वेच्छेने परत करायची सोय झाली तेव्हा वनखात्यात जमा करून पावती घेतली. सोनं वेगळं काढून त्याचं साधं पेंडंट केलं, ते नात घालते. घरात कुणाचं काही अडलं नाही. धाकट्या भावजयीने मात्र दोन महिने अबोला धरला होता, तेही सांगून टाकतो.

सरसकट सगळं टाका असं मी म्हणत नाही, हेही लक्षात घ्या. पश्मिना आणि शाहतूश यांत गल्लत करू नका. पश्मिना लडाखच्या बकरीच्या अंगावरून विंचरून काढतात, बकरी जिवंत राहते. आजीची पश्मिना खुशाल पांघरा, मिरवा, नातीला द्या. कोणती काय आहे हे कळत नसेल तर "शाहतूशच आहे, अंगठीतून जाते" अशी फुशारकी तरी मारू नका. पुष्कळांची अंगठीतून जाणारी शाल मुळात पश्मिनाच निघते, आणि मग अब्रूही वाचते, कायदाही.

आणि आता नेहमीचा शेवटचा बाण: "मग पैठणीही सोडा, रेशमाचा किडाही मरतोच!" मरतो. तो वाद जरूर करा, मी यायला तयार आहे, अहिंसा रेशमावरही बोलू. पण जो माणूस हा प्रश्न विचारतो त्याला रेशीम सोडायचं नसतं, त्याला वाघनख ठेवायचं असतं. तुतीचा किडा उद्या नाहीसा होणार नाही, शेतकरी त्याला पिढ्यान्‌पिढ्या वाढवतोय. शिवपुरीचा वाघ नाहीसा झाला होता. एका प्रश्नाचं उत्तर येत नाही म्हणून दुसऱ्याचंही द्यायचं नाही, ही थकीत कर्जदाराची जुनी युक्ती आहे.

वैशाखात मुंजी येतील. बटूच्या जानव्याला बांधायला मृगाजिनाचा तुकडा म्हणून पूजासाहित्याच्या दुकानात जे मागितलं जातं ते काळविटाचं कातडं, अनुसूची एक. ते मागू नका, आणि घरच्या पेटीत आजोबांच्या मुंजीतला असेल तर तोही बाहेर काढू नका. गुरुजींना आधीच सांगा. आमच्या नातवाच्या मुंजीत गुरुजींनी त्याशिवाय सगळा विधी केला, दक्षिणाही कमी घेतली नाही.