अहवाल येईपर्यंत

वाचकहो, गेल्या दोन अंकांत आमचा मजकूर आला नाहीं, म्हणून कित्येकांनीं पत्रें पाठवून विचारपूस केली. आळस हें त्याचें कारण नव्हतें. खरें कारण सांगावें कीं न सांगावें, याविषयीं मनांत बरीच ओढाताण झाली. परंतु असा प्रसंग कोणत्याहि घरांत येऊं शकतो, तेव्हां सांगितलेलें बरें.

झालें असें कीं, श्रावणांत एके दिवशीं स्नान करतांना आमची आंगठी बोटांतून निसटून मोरींत गेली. ती सांपडली, पण मनांत शिरलेली शंका कांहीं निघेना. आंगठी तीच, बोट तेंच. मग बारीक झालें तें काय? गुपचूप किराणा दुकानाच्या कांट्यावर उभे राहिलों. वैशाखांत ६४ किलो भरलेला देह ५७ भरला. जेवण पूर्ववत्, उपासतापास नाहींत, फिरणें नेहमींचेंच, मांडवीच्या धक्क्यापर्यंत. प्रयत्न न करतां सहा महिने ते वर्ष या मुदतींत वजन शेंकडा ५ हून अधिक उतरलें तर तपासणी टाळूं नये, असा वैद्यकांतील संकेत आहे. आमचा हिशेब शेंकडा ११ च्या घरांत गेला.

डॉक्टरांनीं रक्त, साखर, थायरॉईड, थुंकी, छातीचें क्ष-किरण चित्र, सारें पाहिलें. कांहीं निष्पन्न झालें नाहीं. मग जठरांत दुर्बीण घालून एका व्रणाच्या कडेचा बारीक तुकडा काढला व "दहा दिवसांनीं या," म्हणून सांगितलें. दहा दिवस कशाला, म्हणून आम्ही चिडलों. कारण समजल्यावांचून स्वस्थ न बसण्याची खोड मास्तरकीनें लावलेली! तेव्हां त्यांनीं शांतपणें समजाविलें: तुकडा फॉर्मालीनमध्यें ठेवून टिकवावयाचा, मग मेणांत बसवून त्याचे केसाहूनहि पुष्कळ पातळ काप काढावयाचे, ते रंगवावयाचे, आणि मग तज्ज्ञानें ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचे, शंका आली तर पुन्हां निराळे रंग. शिवाय आमचा तुकडा मुंबईस गेलेला. हें ऐकून राग तरी गेला.

चिता आणि चिंता यांत एका बिंदूचा फरक, हें आम्हीं तीस वर्षें मुलांना फळ्यावर लिहून दाखविलें. लिहितांना हातांत खडू होता, चिंता नव्हती. आतां आम्ही रोज कांट्यावर चढूं लागलों, कधीं दोनदां. वजन दिवसांत किलोभर सहज खालींवर होतें, हें ठाऊक असूनहि! चिंतेनें भूक जाई, भूक गेल्यानें वजन उतरे, आणि उतरलेलें वजन हा चिंतेला नवा पुरावा होई. अन्योन्याश्रय दोष जन्मभर शिकविला, पण स्वतःच्या ताटांत ओळखला नाहीं. शेवटीं डॉक्टरांनीं बजाविलें कीं आठवड्यांतून एकदां, सकाळीं, त्याच कांट्यावर, अधिक नाहीं.

एका उत्साही पुतण्यानें मोबाईलवर शोधून सर्वांत भयंकर नांव प्रथम वाचून दाखविलें. हेंच लक्षण मधुमेहाचें, थायरॉईडचें, क्षयाचें, साध्या व्रणाचें, मनाच्या खिन्नतेचें, सैल झालेल्या कवळीचेंहि असूं शकतें. सर्व तपासण्या होऊनहि सुमारें चौथ्या हिश्श्याच्या रोग्यांत कारणच सांपडत नाहीं, आणि अशांची पुढील प्रकृति बहुधा बरी राहते. हें सारें त्याच पडद्यावर खालीं लिहिलेलें होतें. तो तेथवर गेलाच नाहीं. आमची आजी क्षयाचें नांव उच्चारीत नसे, "तो आजार" म्हणे. आज तो बहुधा सहा महिन्यांच्या औषधानें बरा होतो, आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी सरकारी दवाखान्यांत फुकट तपासली जाते. गिळण्यास त्रास किंवा काळा शौच असेल, त्यानें मात्र एक दिवसहि काढूं नये.

येथील टिळक आळींत लोकमान्यांचें जन्मस्थान आहे. त्यांस मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगांत पथ्य हाच आधार. इन्सुलिनचा शोध १९२१ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षानें लागला. त्या स्थितींत १९१०-११ च्या हिवाळ्यांत त्यांनीं शिसपेन्सिलीनें गीतारहस्य लिहून काढलें. आमच्याच्यानें तीन दिवस वर्तमानपत्रहि वाचवलें नाहीं! साधलें तें इतकेंच: नातवाकडून 'राम' शब्दाचीं रूपें म्हणवून घेणें, आणि चिंतेला दिवेलागणीनंतरची अर्धी घटका नेमून देणें. इतर वेळीं ती आली तर संध्याकाळीं ये म्हणून सांगावें. ती नेहमीं ऐकते असें नाहीं.

चौथ्या रात्रीं कुटुंब अंधारांत म्हणालें, "अहो, जागे आहांत ना? तुमच्या विजारींचे हूक मीं श्रावणांतच आंत घेतले. तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून वाट पाहत होतें."

आम्हीं कांटा लपविला, तिनें सुई लपविली. एकाच खोलींत दोघेंहि आपापली चिंता पांघरुणांत घेऊन निजत होतों! दुसऱ्या दिवशीं पानावर बसतांना सर्वांसमक्ष सारें सांगून टाकलें. सूनबाई म्हणाली, "बाबा, म्हणून तर आमटींत तूप वाढवलंय." म्हणजे ठाऊक नव्हतें असें घरांत कोणीच नव्हतें.

अहवाल शुक्रवारीं यावयाचा आहे. दादा म्हणतात, मी येणार; कुटुंब म्हणतें, मी येणार; पुतण्यालाहि प्रायश्चित्त म्हणून यावयाचें आहे. रिक्षांत मागें तिघेंच बसतात, तेव्हां वाद अजून चालूं आहे. कागद ठेवावयाची कापडी पिशवी मात्र सूनबाईनें आजच धुऊन वाळत घातली आहे.