फोटोवाल्याचा रोज कोण देणार?

गेल्या दसऱ्याला आमच्या शाखेतले अकरा जण, सात रेल्वेचे आणि चार पोस्टाचे, शरावती एक्सप्रेसने म्हैसूरला गेलो होतो. निमित्त दसऱ्याचे होते, पण डोक्यात विषय दुसराच होता. आमच्या कामगार बँडपथकाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्याचा कार्यक्रम ठरला, हॉल ठरला, पाहुणे ठरले, आणि शाखेची बैठक अडली ती एका साध्या प्रश्नावर. फोटो कोणी काढायचे? पैसे घेणाऱ्या स्टुडिओवाल्याने, की फुकट काढून देतो म्हणणाऱ्या आपल्याच एका तरुण सभासदाने? दोन बैठका यावर गेल्या. ज्यांना हा विषय किरकोळ वाटतो, त्यांनी हा अग्रलेख शेवटपर्यंत वाचावा अशी आमची विनंती आहे.

म्हैसूरची दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यातून निघते आणि सुमारे पाच किलोमीटर चालून बन्नीमंटपाला पोहोचते. पुढे हत्तीवर सोन्याची अंबारी, मागे चित्ररथ, लोककलावंत, पोलिसांची बँडपथके. बन्नी म्हणजे आपली शमी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे ठेवली ती शमीवर, म्हणून या जागी बन्नीच्या पूजेची परंपरा आहे. आपण दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतो, तसेच उत्तर कर्नाटकात बन्नीचे पान देतात. आदल्या दिवशी खंडेनवमीला आपल्या वर्कशॉपमध्ये पाने, हातोडे आणि लेथ मशीनला हार घालतात, तशी तिकडे आयुधपूजा असते. म्हैसूरच्या एका छोट्या स्टुडिओच्या दारातून जाताना आम्ही पाहिले, टेबलावर दोन कॅमेरे मांडलेले, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. आमच्यातले एक फिटर सहज म्हणाले, “म्हणजे हा पण आपल्यातलाच की!” आमच्या बैठकीत जे दोन वेळा सुचले नव्हते, ते या एका वाक्यात आले.

संध्याकाळी बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत असते. दिवस मावळलेला, मैदानात दिवे, मग दिवे बंद होतात आणि शेकडो मशाली हलू लागतात, त्यांतून आकृत्या आणि अक्षरे उमटतात. आमचा तरुण सभासद पोस्टाच्या सॉर्टिंगमध्ये आहे. हप्त्याने घेतलेला चांगला कॅमेरा त्याच्या गळ्यात होता. त्याने दुपारपासून तीनशेच्या वर फोटो काढले. रात्री लॉजवर आम्ही ते पाहिले. दिवसाच्या उजेडातले बरेच चांगले होते. अंधार पडल्यानंतरचे जवळपास सगळे वाया गेले होते. एक तर मशालींचे पांढरे गोळे आणि माणसे काळी, नाही तर चेहरे दिसतात पण हात, काठ्या, पावले सगळे पुसलेले. त्याने स्वतःच प्रांजळपणे सांगितले, “उजेड कमी, माणसे चालती, आणि माझ्या लेन्सची तेवढी ताकद नाही. एक सांभाळायला गेलो की दुसरे जाते.”

बँडचा फोटो ही मुळात अवघड गोष्ट आहे हे आम्हाला त्या रात्री समजले. पितळी वाद्यावर दिव्याचा झोत पडला की तिथे पांढरा डाग येतो. कॉर्नेट वाजवणाऱ्याचा चेहरा वाद्यामागे जातो. ढोलाची काठी अर्ध्या क्षणात वर-खाली होते. पथक चालत असते, त्यामुळे फोटो काढणाऱ्याला उलट पावली चालावे लागते, आणि कोणत्या ठेक्याला काठी वर येईल हे आधी ओळखावे लागते. हे कौशल्य वर्षानुवर्षे हजारो मिरवणुका आणि लग्ने उभ्याने काढल्यावर हाताला येते. आपल्या गँगमनला रुळावरच्या हातोड्याच्या आवाजावरून दोष कळतो, तसेच हे आहे.

पण त्याच तीनशे फोटोंत दोन असे होते की आम्ही सगळे गप्प झालो. मिरवणूक सुरू होण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला पायरीवर बसलेला एक वयस्कर ढोलवादक, ढोल मांडीवर, टोपी काढून कपाळ पुसतो आहे. दुसऱ्यात दोन वादक एका ग्लासातला चहा अर्धा अर्धा करीत आहेत. व्यावसायिक फोटोग्राफरचे लक्ष त्या वेळी अंबारीकडे असणार. या पोराचे लक्ष माणसाकडे गेले, कारण तो स्वतः रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत तसाच बसतो. म्हणून हौशी माणसाला आम्ही कमी लेखत नाही. हौस ही कलेची आई आहे, हे आम्हालाही मान्य आहे.

तरीही प्रश्न उरतो तो रोजाचा.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका स्टुडिओवाल्याकडे शाखेच्या अधिवेशनासाठी गेलो होतो. त्याने दर सांगितला. आम्ही नेहमीच्या सवयीने म्हणालो, “संघटनेचे काम आहे, थोडे समजून घ्या. तुमचेही नाव होईल.” तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मॅनेजमेंटने तुम्हाला देशाचे काम आहे, ओव्हरटाइम सोडा म्हटले तर तुम्ही सोडता का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही मात्र राग धरला आणि कोणाच्या तरी ओळखीचा फुकट माणूस आणला. तो दुपारपर्यंत थांबला आणि एका लग्नाचे पैशाचे काम आले म्हणून निघून गेला. ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा सत्कार संध्याकाळी होता. त्यांतले दोघे आज हयात नाहीत, आणि त्या सत्काराचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्या माणसाला जाब तरी कोणत्या तोंडाने विचारणार? ज्याला रुपया दिला नाही, त्याच्याकडे वेळेचा हिशेब मागता येत नाही. चूक त्याची नव्हती, आमची होती. ती आम्ही येथे जाहीरपणे मान्य करतो.

बैठकीत एक मुद्दा आला की दोन-तीन तासांच्या कामाला एवढे पैसे कशाला. हा मुद्दा रेल्वे आणि पोस्टाच्या कामगाराने मांडावा याचे आम्हाला नवल वाटते. रनिंग स्टाफची ड्यूटी गाडी सुटल्यापासून धरतात की साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत? पोस्टमन बीटवर निघण्यापूर्वी टपाल लावून घेतो, ते काम नाही का? फोटोग्राफरचे तीन तास आपल्याला दिसतात. आदल्या दिवशी जागा पाहणे, सामान वाहून आणणे, घरी गेल्यावर शेकडो फोटोंतून निवड करणे, रंग दुरुस्त करणे, प्रती जपून ठेवणे, हे दिसत नाही. लेन्स महाग, कॅमेऱ्याच्या शटरलाही ठरावीक आयुष्य असते, आणि लग्नसराई संपली की हात रिकामे. त्याला ना भविष्य निर्वाह निधी, ना पगारी रजा, ना पास.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. आमच्या तरुण सभासदाला महिन्याचा पगार आहे, म्हणून तो फुकट काम करू शकतो असे म्हटले गेले. मित्रांनो, हे वाक्य आपण कोठे ऐकले आहे ते आठवा. पूर्वी ज्यांना एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट म्हणत आणि आज ग्रामीण डाक सेवक म्हणतात, त्यांच्याबद्दल खाते हेच सांगत आले आहे. त्यांच्याकडे उपजीविकेचे दुसरे साधन असावे हा नियमच आहे, आणि त्या आधारावर त्यांना पूर्ण कर्मचारी मानले जात नाही. त्याविरुद्ध ते किती वर्षे लढत आहेत! २०१८ साली कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींसाठी त्यांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ संप केला. दुसरे उत्पन्न आहे म्हणून या कामाचे दाम कमी, हा युक्तिवाद खात्याने केला तर आपण घोषणा देतो. मग तोच आपण स्टुडिओवाल्यासमोर कसा करायचा? एकाची हौस दुसऱ्याचा रोज बुडवण्यासाठी वापरली गेली, तर हौस करणाऱ्याचा दोष नसतो, वापरणाऱ्याचा असतो.

कोणी विचारेल, आपले बँडपथक तरी पैसे कुठे घेते? खरे आहे. १ मे च्या मिरवणुकीत आपले सभासद फुकट वाजवतात. पण ते आपल्या संघटनेसाठी, आपल्या ठरावाने वाजवतात. उद्या एखाद्या शेटजीने लग्नात यांना फुकट बोलावले आणि गावातल्या बँडवाल्यांची सुपारी गेली, तर आपण पथक पाठवू का? कधीच नाही. देणे हे देणाऱ्याने ठरवायचे असते. मागणाऱ्याने ते गृहीत धरले की ती वेठ होते.

एक कायद्याची बाबही सभासदांना माहीत असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कोणी फोटो काढवून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक पैसे देऊन काढवून घेणारा असतो. मोबदला नसेल, तर हक्क सर्वसाधारणपणे फोटो काढणाऱ्याचाच राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे फुकट मिळालेला फोटो आपला झाला असे समजून आपण पोस्टरवर आणि कॅलेंडरवर छापतो, तो आपला नसतो! आणि मालकी कोणाचीही असो, हा फोटो माझा आहे असे सांगण्याचा हक्क काढणाऱ्याकडे राहतोच.

नावाचा प्रश्न पैशाइतकाच मोठा आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांना ओळखतात, त्या होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले गेले. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ज्या म्हैसूरला आम्ही गेलो, तिथलेच टी. एस. सत्यन, ज्यांना १९७७ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कॅमेऱ्याने साध्या माणसांना मान दिला, आणि लोकांनी त्यांचे नाव लक्षात ठेवले. आमच्या शाखेच्या कार्यालयात मे १९७४ च्या रेल्वे संपातला एक फोटो आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतले कामगार यार्डाच्या फाटकाबाहेर बसलेले आहेत. प्रत्येक चेहऱ्याचे नाव कोणी ना कोणी सांगू शकतो. फोटो कोणी काढला, हे मात्र एकालाही सांगता येत नाही. मागे शिक्का नाही, सही नाही. त्या दिवसांत कॅमेरा घेऊन तिथे उभे राहणे ही काही साधी गोष्ट नव्हती. तोही संपातला एक माणूसच होता, आणि आपण त्याला हरवून बसलो.

म्हैसूरहून परतल्यावर तिसऱ्या बैठकीत आम्ही निर्णय घेतला, तो इतर शाखांच्या विचारासाठी देत आहोत. पंचविसाव्या वर्षाचा कार्यक्रम पुन्हा होणार नाही, म्हणून त्यासाठी व्यावसायिक फोटोग्राफर ठेवायचा आणि त्याची रक्कम मांडव व जेवणाप्रमाणे अंदाजपत्रकात आधीच धरायची. एका पानाचा करार करायचा. त्यात किती तास, किती फोटो, कोणत्या तारखेला देणार, कुठे छापणार, हे सर्व असावे, आणि अर्धी रक्कम आगाऊ द्यावी. आमच्या तरुण सभासदाने सोबत राहायचे, तालमीचे आणि पडद्यामागचे फोटो त्याने काढायचे. त्याचा प्रवास, जेवण आणि छपाईचा खर्च शाखेने द्यायचा, आणि त्याच्या फोटोंबाबतही लेखी लिहून घ्यायचे. दोघांचीही नावे फोटोखाली छापायची. आणि ज्या शाखेकडे खरोखरच पैसे नसतील, तिने तसे मोकळेपणाने सांगून आपल्या हौशी सभासदाची मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण व्यावसायिकाच्या दारात जाऊन घासाघीस करू नये.

स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर कोणता फोटो घ्यायचा हेही ठरले आहे. पायरीवर बसून कपाळ पुसणारा तो ढोलवादक. त्याखाली आमच्या सॉर्टरचे नाव असेल, आणि त्या मुखपृष्ठाचे मानधन त्याला द्यावे असा ठराव एकमताने झाला. तो नको म्हणत होता. आम्ही त्याला सांगितले, बाबा, घे. आज तू सोडलेस, तर उद्या दुसऱ्या कोणाला सोडावे लागेल.

कामाला दाम आणि दामाबरोबर नाव, ही आपली मागणी आहे. ती दुसऱ्याकडे मागण्यापूर्वी आपल्या घरात पाळू या.